मांडव कुणाचा, विषय कुणाचा?

आजच्या भागात तोफ नाही, तलवार नाही, कुठला वेढाही नाही. आज एका मांडवाची गोष्ट आहे. कापडाचा, बांबूचा, खुर्च्या मांडलेला साधा मांडव. पण या मांडवात कोणत्या विषयावर बोलायचे आणि कोणत्या विषयावर नाही, यावरून आपल्या देशातले थोर थोर लोक एकमेकांसमोर उभे ठाकले. मांडव जाळून टाकू, इथपर्यंत धमक्या गेल्या.

प्रश्न तसा रोजचाच आहे. एखादी संस्था एका ठरावीक कामासाठी निघते. मग कुणीतरी उठून वेगळाच विषय काढतो. अध्यक्ष म्हणतात, "विषयाला धरून बोला." बोलणारा म्हणतो, "साहेब, हाच खरा विषय आहे." दोघेही प्रामाणिक असतात. मग करायचे काय? दार बंद ठेवायचे, की उघडायचे? याचे उत्तर पुस्तकी पद्धतीने देण्यापेक्षा आपण इतिहासाला विचारू या. कारण आपल्या राष्ट्रीय चळवळीने हा प्रश्न तीस वर्षे अंगावर वागवला आहे.

सुरुवात १८८५ पासून करू. २८ डिसेंबर १८८५ रोजी मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले. प्रतिनिधी ७२. अध्यक्ष उमेशचंद्र बॅनर्जी. खरे तर हे अधिवेशन पुण्यात व्हायचे होते, पण तिथे पटकीची साथ आली आणि बेत बदलला.

आता यातली एक गंमत सांगतो. याच उमेशचंद्रांनी पुढे १८९८ मध्ये लिहून ठेवले की, ॲलन ह्यूम यांच्या मनात मुळात सामाजिक प्रश्नांवर चर्चा करणारी परिषद होती, राजकारण त्यात नको होते; व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन यांच्या सल्ल्याने बेत बदलला आणि राजकारण आत आले. या हकिकतीवर इतिहासकारांनी शंका घेतलेल्या आहेत, म्हणून तिच्यावर फार भार टाकू नका. पण ती जर खरी धरली, तर मंडळी, काँग्रेसच्या मूळ कल्पनेत राजकारण हाच विषयाबाहेरचा विषय होता! दोन-चार वर्षांत पाटी उलटी झाली. सामाजिक सुधारणा विषयाबाहेर गेली.

ती बाहेर कशी गेली, हे नीट पाहिले पाहिजे. कारण ती कुणाच्या लहरीने गेली नाही. १८८६ मध्ये कलकत्त्याला दुसरे अधिवेशन झाले. अध्यक्ष दादाभाई नौरोजी. बाहेरून टीका होत होती, की तुम्ही हक्क मागता, पण घरातल्या बालविवाहावर, विधवांच्या हालांवर बोलत नाही. दादाभाईंनी याला सरळ उत्तर दिले. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा: आपण इथे राज्यकर्त्यांपुढे राजकीय मागण्या मांडायला जमलो आहोत. ज्या प्रश्नांत साऱ्या राष्ट्राचा थेट संबंध आहे तेवढेच इथे घ्यावेत. समाजसुधारणेचे प्रश्न ज्या त्या समाजाने आपापल्या परिषदेत सोडवावेत. ब्रिटिश पार्लमेंट गणितातल्या अवघड प्रमेयांवर चर्चा करत नाही, म्हणून तिला कोणी दोष देतो का?

विचार करा, यात चूक काय आहे? दादाभाई स्वतः पारशी. समोर हिंदू बसलेले, मुसलमान बसलेले, ख्रिस्ती बसलेले. हिंदू विधवेच्या पुनर्विवाहावर पारशी प्रतिनिधीने मत द्यायचे? मुसलमानांच्या घरातल्या रूढीवर मद्रासच्या ब्राह्मणाने हात वर करायचा? जमलेले लोक वर्षातून तीन-चार दिवस भेटणार. त्यात लष्करी खर्च, मिठावरचा कर, सनदी नोकऱ्यांच्या परीक्षा, कायदेमंडळांतल्या जागा, एवढे सगळे मांडायचे. तिथे प्रत्येक जातीच्या लग्नाची चर्चा काढली असती, तर दुसऱ्याच वर्षी सभा फुटली असती.

१८८८ मध्ये अलाहाबादला जॉर्ज यूल यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसने याच धोरणाचा एक नियमच केला. एखाद्या विषयाला हिंदू प्रतिनिधींचा किंवा मुसलमान प्रतिनिधींचा एकमुखी किंवा जवळपास एकमुखी विरोध असेल, तर तो विषय चर्चेला घ्यायचा नाही. नव्या, नाजूक संस्थेला जगवण्यासाठी केलेला हा शहाणपणाचा बंदोबस्त होता.

फौजेत आयुष्य काढलेल्या माणसाला हे चटकन पटते. अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये जेवणाच्या टेबलावर धर्म, राजकारण आणि बाईमाणसाचे नाव हे विषय वर्ज्य असतात. कामाच्या गप्पाही टेबलावर नकोत, अशी रीत आहे. नव्या लेफ्टनंटला हे पहिल्या आठवड्यात सांगितले जाते. यामागे कारण आहे. शीख, मराठा, नागा, तमिळ, सगळे एका टेबलावर जेवतात. उद्या यांनाच एकमेकांच्या भरवशावर पुढे जायचे आहे. टेबलावर भांडण नको.

पण त्याच फौजेत आणखी एक व्यवस्था आहे, ती बाहेरच्या लोकांना फारशी माहीत नसते. पलटणीचा दरबार. आता त्याला सैनिक संमेलन म्हणतात. कमांडिंग ऑफिसर सगळ्यांसमोर बसतो आणि जवान उभा राहून आपली अडचण सांगतो. रजा, क्वार्टर, लंगरचे जेवण, गावाकडचा जमिनीचा तंटा, काहीही. टेबलावर जे वर्ज्य, त्याला जागा दुसरीकडे दिलेली असते, आणि त्याच छावणीत दिलेली असते. मेसचा नियम टिकतो, कारण दरबार आहे. दरबार नसता, तर मेसमधली शांतता म्हणजे नुसते झाकण ठरले असते.

नेमकी हीच व्यवस्था न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी शोधून काढली. १८८७ मध्ये मद्रासला काँग्रेसचे तिसरे अधिवेशन झाले, अध्यक्ष बद्रुद्दीन तय्यबजी. त्याच वेळी, त्याच शहरात, रानडे आणि दिवाण बहादूर रघुनाथराव यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय सामाजिक परिषदेची पहिली बैठक भरली. अध्यक्ष होते सर टी. माधवराव, त्रावणकोर आणि बडोद्याचे दिवाण राहिलेले. कल्पना साधी होती. देशभरातून माणसे रेल्वेने येणारच आहेत. काँग्रेसचे काम संपले, की ज्यांना समाजसुधारणेवर बोलायचे आहे त्यांनी थांबावे. काँग्रेसच्या ठरावांत आमचा शब्द नको आणि आमच्या ठरावांची जबाबदारी काँग्रेसवर नको. रानडे सरकारी न्यायखात्यात होते. राजकीय व्यासपीठावर त्यांना उघड वावरता येत नव्हते. त्यामुळे ही परिषद त्यांचे हक्काचे स्थान झाली.

काँग्रेस आपला मांडव परिषदेला वापरायला देत असे. म्हणजे विषय दोन, वेळा दोन, सभासद बरेचसे तेच आणि छप्पर एक. काही वर्षे हे ठीक चालले.

मधल्या काळात वातावरण तापत गेले. बेहरामजी मलबारी यांनी १८८४ मध्ये बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवर टिपणे काढून देशभर चर्चा पेटवली होती. रखमाबाईंचा खटला गाजला होता. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला आणि मुलीच्या संमतीचे वय १० वरून १२ वर गेले. या कायद्यावरून पुण्यात उभी फूट पडली. परक्या सरकारने आमच्या घरात कायद्याने शिरू नये, ही टिळकांची भूमिका होती. समाज आपणहून हलत नसेल तर कायद्याचा हात घ्यावा, ही सुधारकांची. १८९२ मध्ये अलाहाबादला उमेशचंद्र बॅनर्जी पुन्हा अध्यक्ष झाले, तेव्हा त्यांनी तर स्पष्टच विचारले, की आमच्या विधवांची लग्ने होत नाहीत, आमच्या मुलींची लग्ने लवकर होतात, म्हणून आम्ही राजकीय हक्कांना नालायक ठरतो काय?

आणि मग आले १८९५. काँग्रेसचे अकरावे अधिवेशन पुण्यात भरायचे ठरले. स्वागत समितीचे चिटणीस टिळक आणि गोखले. अध्यक्ष म्हणून सुरेंद्रनाथ बॅनर्जी येणार. त्याच वर्षी जुलैमध्ये पुणे सार्वजनिक सभा रानड्यांच्या गटाच्या हातून टिळकांच्या गटाकडे गेली होती. गाव आधीच धुमसत होते. अशात प्रश्न निघाला: सामाजिक परिषदेला काँग्रेसचा मांडव द्यायचा की नाही?

विरोधकांची बाजू आपण नीट ऐकली पाहिजे. त्यांचे म्हणणे असे होते की, मांडवासाठी वर्गणी देणाऱ्यांत हजारो साधे लोक आहेत. त्यातल्या कित्येकांना सुधारकांची मते मान्य नाहीत. त्यांच्या पैशाने उभारलेल्या मांडवात त्यांच्याच रूढींवर टीका का व्हावी? काँग्रेस मूठभर इंग्रजी शिकलेल्यांची राहू नये असे वाटत असेल, तर सनातनी माणसालाही तिथे आपलेपणा वाटला पाहिजे. हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. संस्था वाढवायची असेल तर ज्यांचे आपल्याशी सगळ्या बाबतींत पटत नाही, त्यांनाही आत घ्यावे लागते.

पण युक्तिवाद एक, आणि मांडव जाळण्याची धमकी दुसरी. सनातनी गटातून ती धमकी आली. टिळकांनी चिटणीसपद सोडले. सभा, पत्रके, शिव्याशाप, सगळे झाले. शेवटी रानड्यांनी स्वतःच माघार घेतली. परिषद काँग्रेसच्या मांडवात भरणार नाही, असे त्यांनी जाहीर केले आणि वेगळा मांडव घालून ती भरवली. सुरेंद्रनाथांनी अध्यक्षीय भाषणात या निर्णयाबद्दल समाधान व्यक्त केले. फाटाफूट परवडणारी नाही, हा त्यांचा सूर होता.

युद्धशास्त्रात माघारीचे दोन प्रकार असतात. एक पळापळीचा. दुसरा, फौज शाबूत ठेवून नव्या जागी मोर्चा बांधण्याचा. रानड्यांची माघार दुसऱ्या प्रकारची होती. १८९६ कलकत्ता, १८९७ अमरावती, १८९८ मद्रास, १८९९ लखनौ. जिथे काँग्रेस, तिथे सामाजिक परिषद चालूच राहिली. १९०० मध्ये लाहोरला प्रकृतीमुळे रानडे जाऊ शकले नाहीत. त्यांचे भाषण गोखल्यांनी वाचून दाखवले. १६ जानेवारी १९०१ रोजी रानडे गेले. १९०४ मध्ये मुंबईत याच परिषदेच्या जोडीने स्त्रियांची भारत महिला परिषद भरली, तेव्हा अध्यक्षस्थानी रमाबाई रानडे होत्या. मांडव नाकारला म्हणून विषय मेला नाही.

मग रानडे हरले की जिंकले? मला वाटते, हा प्रश्न इथेच सोडून दुसरा विचारला पाहिजे. दादाभाईंनी आखलेली रेघ बरोबर जागी होती का?

रेघ अशी होती: साऱ्या राष्ट्राचा प्रश्न आत, एका समाजाचा प्रश्न बाहेर. विधवाविवाह, बालविवाह या बाबतीत निदान वादापुरते म्हणता येईल, की हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे. पण अस्पृश्यतेचे काय? सार्वजनिक विहीर ही कुणा एकाच्या घरात नसते. रस्ता घरात नसतो. सरकारी शाळा घरात नसते. तिथे माणसाला माणूस म्हणून जाऊ दिले नाही, तर तो राष्ट्राचा प्रश्न नव्हे तर कुणाचा? रेघ आखणाऱ्यांनी ही गोष्ट समाजसुधारणेच्या खात्यात टाकली आणि खाते मांडवाबाहेर ठेवले.

महात्मा जोतीराव फुल्यांनी हा मुद्दा त्याच काळात मांडला होता. १८९१ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' या ग्रंथात त्यांचा सवाल आहे, की शूद्र, अतिशूद्र, भिल्ल, कोळी हे सगळे शिकून एकमय झाल्याशिवाय 'नेशन' कुठले? फुल्यांचा आक्षेप विषयपत्रिकेवर नव्हता. ती विषयपत्रिका ठरवायला कोण बसले आहे, यावर होता. ज्याच्या दुखण्याला विषयाबाहेरचे म्हटले जाते, तो खोलीत हजरच नसेल, तर ते विषयाबाहेरचे आहे हे ठरवणे फार सोपे जाते.

१९०६ मध्ये विठ्ठल रामजी शिंदे यांनी मुंबईत निराश्रित साहाय्यकारी मंडळी, म्हणजे डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढले. काम बाहेर चालू होते. काँग्रेसच्या व्यासपीठावर मात्र हा विषय ठरावाच्या रूपाने आला तो १९१७ मध्ये, कलकत्त्याला, ॲनी बेझंट अध्यक्ष असताना. अस्पृश्यांवर रूढीने लादलेले सर्व निर्बंध काढून टाकणे हे न्यायाचे आहे, अशा आशयाचा तो ठराव. १८८६ ते १९१७. मोजा. ३१ वर्षे.

आणि तोसुद्धा आपसूक आला नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुंबईत सर नारायण चंदावरकर यांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्य समाजाची सभा झाली होती. काँग्रेस-लीगच्या योजनेला पाठिंबा हवा असेल, तर आमच्या प्रश्नावर ठराव करा, असा त्या सभेचा अर्थ होता. डॉ. आंबेडकरांनी पुढे या सगळ्या व्यवहारावर बोट ठेवले. मार्च १९१८ मध्ये मुंबईत सयाजीराव महाराज गायकवाड यांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्यतानिवारण परिषद भरली. टिळक तिथे आले. अस्पृश्यता देवाला मान्य असेल तर त्या देवाला मी देव मानणार नाही, अशा अर्थाचे ते बोलले. मात्र वैयक्तिक आचरणात अस्पृश्यता पाळणार नाही, या जाहीरनाम्यावर त्यांची सही झाली नाही. १९२० मध्ये नागपूरला काँग्रेसने अस्पृश्यतानिवारणाचे आवाहन केले, आणि गांधीजींच्या विधायक कार्यक्रमात तो विषय कायमचा बसला. बाहेरचा विषय शेवटी घराच्या मध्यभागी आला. पण या उशिराची किंमत विश्वासात मोजावी लागली. ती पुढच्या काळातल्या राजकारणात दिसते.

आता कुणी म्हणेल, म्हणजे सगळे दरवाजे उघडेच टाकावेत. थांबा. त्याआधी १९३६ ची गोष्ट ऐका. लाहोरचे जातपात तोडक मंडळ. नावातच उद्देश आहे. त्यांनी डॉ. आंबेडकरांना परिषदेचे अध्यक्ष म्हणून बोलावले. भाषणाचा मसुदा हाती आला आणि मंडळ बिचकले. धर्मग्रंथांच्या अधिकारावरचा भाग आणि हिंदू धर्म सोडण्याचा उल्लेख हे विषयाला सोडून आहे, तेवढे गाळा, असे कळवण्यात आले. बाबासाहेबांनी एक स्वल्पविरामही बदलायला नकार दिला. परिषद रद्द झाली. भाषण त्यांनी स्वतः छापले, आणि 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' या नावाने ते आजही वाचले जाते.

इथे पाहा. मंडळाला जात तोडायची होती आणि बाबासाहेब नेमके त्याच विषयावर बोलत होते. जातीचे मूळ कुठे आहे, ते दाखवत होते. तेव्हा विषय सुटला नव्हता. विषय खोल गेला होता. खोल गेलेल्या विषयाला विषयाबाहेरचा म्हणणे, ही सोयीस्कर पळवाट असते.

आमच्या माजी सैनिकांच्या बैठकांत पेन्शन, कॅन्टीन, दवाखान्याची कार्डे हे ठरलेले विषय असतात. मध्येच एखादी वीरपत्नी उठते आणि सासरच्यांनी पेन्शनचे पासबुक काढून घेतल्याचे सांगते. लगेच कुणीतरी म्हणते, ताई, हा घरगुती प्रश्न आहे. घरगुती कसा? पेन्शन हाच तर आपला विषय. दुसरीकडे कुणी उठून निवडणुकीचे भाषण सुरू करतो, त्याला मात्र हात जोडून खाली बसवावेच लागते. दोन्ही वेळा अध्यक्षाचे शब्द तेच असतात. फरक ओळखता आला पाहिजे.

हा फरक ओळखायला १८८५ ते १९३६ या काळाने मला तीन कसोट्या शिकवल्या.

पहिली. हा विषय आपल्या कामाच्या आड येतो, की आपल्या कामाच्या मुळाशी आहे? गणिताचे प्रमेय पार्लमेंटच्या मुळाशी नाही. सार्वजनिक विहीर राष्ट्राच्या मुळाशी आहे. दादाभाईंचे तत्त्व बरोबर होते, पण त्यात बसवलेल्या गोष्टींची यादी चुकली.

दुसरी. विषय बाहेर ठेवणार असाल, तर त्याला दुसरी जागा दिली आहे का? आणि ती जवळ आहे का? रानड्यांची परिषद त्याच गावात, त्याच आठवड्यात भरत असे, म्हणून ती जगली. नुसते 'इथे नको' म्हणणे पुरेसे नाही. 'इथे नको, उद्या सकाळी तिथे' असे सांगता आले पाहिजे. पुण्यातला खरा अन्याय हाच होता. काँग्रेसच्या चर्चेत सुधारणेचा विषय घ्या, असे कुणी मागत नव्हते. मागणी फक्त रिकाम्या मांडवाची होती.

तिसरी. सीमा कोण आखते, आणि ती पुन्हा तपासली जाते का? अलाहाबादच्या नियमात हिंदू आणि मुसलमान प्रतिनिधींना नकाराधिकार होता. पण ज्यांचे प्रतिनिधीच नव्हते, त्यांनी हरकत कुठे घ्यायची? नकाशावरची सीमासुद्धा दर काही वर्षांनी मोजणी खाते पुन्हा तपासते. नदी पात्र बदलते, खांब वाहून जातात. संस्थेची सीमा तीस वर्षे तशीच ठेवली, तर जमीन एकीकडे आणि नकाशा दुसरीकडे, असे होते.

इंदूर असो, बडोदा असो, बेळगाव असो की दिल्ली, आपली मराठी मंडळी जिथे जातात तिथे एक मंडळ काढतात. गणपतीचे, नाटकाचे, वाचनाचे, गिरिभ्रमणाचे. प्रत्येक मंडळात हा प्रश्न येणारच. नियम जरूर करा. नियमाशिवाय मंडळ चालत नाही. दादाभाईंनी रेघ आखली नसती, तर कदाचित काँग्रेस पाच वर्षेही टिकली नसती. पण रेघेबाहेर कुणाचा आवाज राहिला, याची नोंद एका वहीत ठेवा आणि वर्षातून एकदा ती वही उघडा. जो विषय दरवर्षी दार ठोठावतो, तो बहुधा घरातलाच असतो.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.